आजोबांच्या नावावरचा पावा

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर बोलताना मी सहज 'ऑसिलेटर' म्हणाले आणि तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलात. आजीच्या तोंडी हा शब्द कुठून आला, असं धाकटीने विचारलं. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि उत्तर राहून गेलं. ते इथे लिहून काढते. तोंडी सांगायला बसले की मला फाटे फुटतात. लिहिताना मी क्रम सोडत नाही, हे तुमच्या बाबाला चांगलं माहीत आहे.

राजूरचं आपलं घर तुम्ही पाहिलेलं आहे. आजोबा गेल्यावर तीनेक वर्षांनी मी वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. भाड्यापेक्षा मला डोक्यावर पावलं वाजायला हवी होती. राहायला आलं ते एक लहान कुटुंब: नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. अंबड तालुक्यातले, मूळचे मेंढरं राखणारे. आता थोडी शेती आहे, ती भाऊबंद बघतात. नवरा जालन्याला बियाणांच्या कारखान्यात जातो. सून केदारखेड्याची, आणि सामान उतरवता उतरवता तिनेच ओळख दिली की नववी-दहावीला ती माझ्या इंग्रजीच्या तासाला बसत होती. मला ती आठवेना. मागच्या बाकावर बसायची आणि बोटांनी बाकावर ताल धरायची, असं तिने सांगितल्यावर मात्र लख्ख आठवली. त्या तालासाठी मी तिला उभं केलं होतं.

हे कुटुंब राजुरात आलं ते सुनेच्या कामासाठी. चतुर्थीला इथे किती माणूस लोटतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुकानदारांना जाहिरात वाजवायला लागते, नव्या हॉटेलाला उद्घाटनाचं गाणं लागतं, वाढदिवसाला मुलाचं नाव घालून गाणं लागतं, निवडणूक आली की रिक्षावर लावायला प्रचाराचं लागतं. ते सगळं ती वरच्या मागच्या खोलीत बनवायची. एक संगणक, दोन स्पीकर, एक माइक आणि पेटीच्या अर्ध्या लांबीचा काळा-पांढरा पट्टा. बाहेरचा एसटीचा हॉर्न रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून तिने चारी भिंतींवर गोधड्या टांगल्या होत्या. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमच्या घरात भिंतींना थंडी वाजती. माणसानं चवाळं पांघरावं."

सासूबाई मला मास्तरीणबाई म्हणतात. त्यांच्याविषयी तुमचं मत वाईट व्हायला नको म्हणून आधीच सांगते: त्या बोलायला फटकळ आहेत, पण मला ताप आला तेव्हा तीन दिवस भाकरी त्यांच्याच हातची होती. सुनेशी त्यांचा एक करार झाला होता. दसऱ्यापर्यंत तिने हे काम करून बघावं. तोवर नाव घेण्यासारखं एखादं काम हाती आलं तर ठीक. नाही तर खोली सोडायची, मशीन विकायचं आणि जालन्याला कारखान्याजवळ राहायला जायचं. तिथे ओळखीच्या एका झेरॉक्सच्या दुकानात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. सुनेने हे कबूल केलं होतं, आणि शब्द पाळणाऱ्यांतली ती आहे. त्यामुळे दसरा जवळ येऊ लागला तशी वरची गाणी कमी आणि येरझाऱ्या जास्त ऐकू येऊ लागल्या.

मग ते काम आलं. पुण्याची एक कंपनी लहान मुलांसाठी मराठी गोष्टी रेकॉर्ड करून फोनवर ऐकवते. त्यांना सुरुवातीला वाजवायचं एक मिनिटाचं संगीत हवं होतं, आणि गोष्टींच्या मधे वाजतील असे लहान तुकडे. तिने पाठवलेला नमुना त्यांना आवडला. नमुन्यात मेंढरांच्या घुंगरांचा आवाज होता आणि वर एक पावा. सगळं ठरलं, फक्त करारावर सही करून पाठवायची होती, आणि पंधरा दिवसांत पक्कं संगीत. करार इंग्रजीत होता. तो घेऊन ती खाली आली.

मी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचू लागले. ती म्हणाली, मॅडम, सगळं नका वाचू, सही कुठं करायची तेवढं सांगा. पण चाळीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला शेवटची ओळ आधी वाचता येत नाही. पाचव्या कलमात होतं की या संगीतासाठी वापरलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या मिळवलेलं आहे, आणि त्याची यादी परवान्यासकट सोबत जोडावी.

तिथे थांबून मी विचारलं, म्हणजे काय काय वापरतेस तू? तिने मला वर नेलं आणि दाखवलं. तोवर मला वाटत होतं की ती बटणं दाबते आणि संगणकात कुणीतरी आधीच वाजवून ठेवलेलं बाहेर येतं. तसं नव्हतं. संगणकाच्या आत आणखी एक वाद्य असतं, नुसतं पडद्यावर चित्र असलेलं, त्याला सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात. त्यात सूर अगदी मुळापासून तयार करता येतो. ऑसिलेटर म्हणजे त्याचा झरा: तिथून कच्चा आवाज निघतो, एखादा गुळगुळीत, एखादा करवतीच्या दात्यांसारखा. मग तो गाळणीतून काढायचा, चहा गाळतो तसा, म्हणजे नको तो चोथा राहतो मागे. मग ठरवायचं की हा सूर देवळातल्या घंटेसारखा एकदम उठून हळूहळू विरावा, की दूर रानातून हाक यावी तसा हळूच यावा. मला हे इतकं आवडलं की मी मूळ प्रश्न विसरले.

तो तिनेच आठवून दिला. खाली मान घालून म्हणाली की ही सगळी वाद्यं एका ओळखीच्या माणसाने पेन ड्राइव्हवर भरून दिली होती, कुलूप तोडलेली. जालन्यापासून संभाजीनगरपर्यंत सगळे हीच वापरतात. कुणी विचारत नाही. यादीत नावं लिहायची आणि सही ठोकायची.

मी म्हणाले, करू नकोस सही.

तिने माझ्याकडे बघितलं. एरवी ती मला उलट बोलत नाही. "मॅडम, तुमचं काय जातं?" एवढंच म्हणाली आणि कागद घेतला.

दोन दिवस ती खाली आली नाही. त्या दोन दिवसांत मला स्वतःचीच शरम वाटत होती. तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. शाळेत असताना मी स्वतः अख्खी व्याकरणाची पुस्तकं झेरॉक्स करून मुलांना वाटली आहेत, आणि तेव्हा माझ्या मनात आलं नाही की हे कुणाचं तरी आहे. गरीब मुलांसाठी करतेय, एवढं मला पुरलं होतं. मग या पोरीला कोणत्या तोंडाने अडवलं? पण अडवलं तर होतं. आणि नुसतं अडवून बाजूला होणं, हे मात्र मला जमणार नव्हतं.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी नाष्टा उरकून मी तुमच्या बाबाने दिलेला लॅपटॉप उघडला आणि इंग्रजीत प्रश्न टाकला: मोफत आणि कायदेशीर असे सिंथेसायझर कुठे मिळतील? मला वाटलं होतं, एखाददुसरं नाव येईल. आली ढीगभर. कुणी हौसेने बनवून ठेवलेले, कुणी विद्यापीठात शिकताना बनवलेले, कुणी आपला मोठा महागडा माल विकायचा म्हणून धाकटा फुकट दिलेला. जगाच्या पाठीवर इतकी माणसं इतकं कष्टाचं काम करून वाटेवर ठेवून देतात, याची मला कल्पना नव्हती. आपल्याकडे पूर्वी लोक वाटसरूंसाठी रांजण भरून ठेवत. तसंच, फक्त इथे पाणी भरणारा दिसत नाही.

पण मोफत या शब्दाच्या पोटात बरंच काही असतं, हे मला लवकरच कळलं. मी शाळेतलं कोरं राहिलेलं एक हजेरीपुस्तक काढलं आणि रकाने आखले: नाव, बनवणारा, कोणासाठी मोफत, कमाईच्या कामाला चालतं का, नोंदणी, शेरा. काही वाद्यं फक्त घरच्या घरी वाजवायला मोफत होती. त्यावर काम करून दिलं की परवाना मोडला. काही पंधरा दिवसांची पाहुणी होती. एक तर दर मिनिटाला मुद्दाम खर्रर असा आवाज करायचं, म्हणजे कंटाळून विकत घ्यावं. काही मात्र खरोखर मोकळी होती: वाजवा, आत डोकावून बघा, हवं तर बदला, पुढे वाटा. त्या परवान्यांची भाषा वाचताना मला कित्येकदा वर्गात ओळ मोठ्याने वाचून दाखवतात तसं वाचावंसं वाटलं.

अटी आणि शर्ती शेवटपर्यंत वाचणारी बाई म्हणून मला घरात सगळे हसत आले आहेत. त्या सकाळी त्या सवयीचं चीज झालं.

दुपारी मी वर जाऊन दार वाजवलं आणि हजेरीपुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं. तेवीस नावं, त्यांपैकी कमाईच्या कामाला चालणारी नऊ हिरव्या शाईत. तिने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग विचारलं, "हे तुम्ही वाचलं सगळं?" मी हो म्हणाले. "नववीत मी एक धडा वाचला नव्हता तर तुम्ही मला उभं केल्तं," ती म्हणाली, आणि दोन दिवसांनी हसली.

तिने मशीन रिकामं करायचं ठरवलं. एकेक वाद्य काढून टाकताना मी बाजूच्या खुर्चीवर बसले होते. वाढदिवसाच्या गाण्यातली बासरी गेली, प्रचाराचा ढोल गेला, आणि ज्यावर पुण्याचा नमुना बनवला होता तो पावाही गेला. यादी कोरी झाली. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "जुलाब दिला का मशीनला?" मग त्या आत आल्या आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आठ वाद्यं त्याच दिवशी आली. नववं माझ्या यादीतलं सर्वांत वेगळं होतं. ते एकट्या माणसाने बनवलं होतं, कुठल्यातरी थंड देशात. एरवी ते विकत मिळायचं, पण त्या आठवड्यापुरतं त्याने सर्वांसाठी मोफत ठेवलं होतं; कमाईच्या कामालाही चालेल, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्यात श्वासाचा आवाज वेगळा घडवता यायचा, म्हणून पाव्यासाठी ते हवंच होतं. मात्र नाव आणि ई-मेल देऊन नोंदणी करायची होती. तिच्या ई-मेलचा पासवर्ड कधीचाच हरवलेला; पुण्याशी सगळं व्हॉट्सअॅपवरच चालायचं. इंटरनेट माझ्याकडे खाली, लॅपटॉप माझा. मी नोंदणी केली, सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि नेऊन दिलं. या वेळी पेन ड्राइव्हमध्ये चोरीचं काही नाही, याचा मला फार आनंद झाला होता.

पुढचे दहा दिवस वरून पावा ऐकू येत होता. पहिला पावा तयार मिळालेला होता, गोड आणि स्वच्छ. हा तिला घडवायचा होता. तिचे वडील केदारखेड्याला पूर्णेच्या काठाने मेंढरं फिरवायचे आणि वेळूचा पावा वाजवायचे. ते गेल्यावर तो पावा कुणीतरी चुलीत घातला, अजाणता. तिच्याकडे रेकॉर्डिंग नव्हतं. नुसतं कानात होतं. ती झऱ्यातून गुळगुळीत सूर काढायची, त्यात थोडा वारा मिसळायची, ऐकायची, मान हलवायची आणि पुसून टाकायची. मला खालून सगळे सारखेच वाटत.

एक दिवस मी वर चहा घेऊन गेले तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत दाराशी बसल्या होत्या. आत पावा चालू होता. चांगला लांब, सुरेल. त्या तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाल्या, "ह्यो माणूस दम कव्हा घेतो गं?"

सुनेने वाजणं थांबवलं. "काय म्हणल्या, आत्या?"

"पावा वाजवणाऱ्याला दम लागतो. इतका येळ फुकत राह्यला तर मरन त्यो. माझा बाप वाजवायचा तर मधीच थांबायचा, मेंढरू हाकायचा, मंग पुन्हा फुकायचा. पहिली फुक कच्ची निघायची. मंग सुरात यायचा."

ती फिरून बसली आणि सुरांच्या मधे जागा सोडू लागली. प्रत्येक जागेनंतरचा पहिला सूर जरा खाली, जरा वाऱ्याने भरलेला, आणि मग वर चढून जागेवर बसणारा. संध्याकाळपर्यंत तेच चालू होतं. दिवेलागणीला तिने आम्हा दोघींना आत बोलावलं आणि ऐकवलं. सासूबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, जसा वडीलधारा माणूस दारात आल्यावर करतात. मी संगीतातली जाणकार नाही. पण तो कुणीतरी श्वास घेऊन वाजवलेला पावा होता, एवढं मलाही कळलं.

पक्कं संगीत पाठवलं, करारावर सही केली, सोबत माझ्या अक्षरातली यादी आणि प्रत्येकाचा परवाना. दसऱ्याला आठ दिवस होते. तिसऱ्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला. संगीत फार छान झालंय म्हणाल्या. फक्त एक अडचण. यादीतल्या नवव्या सॉफ्टवेअरचा परवाना एका पुरुषाच्या नावावर आहे, हे कोण? परवाना एका व्यक्तीपुरता आहे आणि दुसऱ्याला देता येत नाही, असं त्यातच लिहिलंय. तिच्या नावाचा परवाना चार दिवसांत मिळाला तर ठीक. नाही तर त्यांना नाइलाजाने दुसऱ्या कुणाचं तरी संगीत घ्यावं लागेल.

ते नाव तुमच्या आजोबांचं होतं.

मी मुद्दाम केलं नव्हतं, आणि चुकून झालं असंही म्हणता येत नाही. आपल्या घरातलं विजेचं बिल त्यांच्या नावावर येतं. गॅस त्यांच्या नावावर, नळपट्टी त्यांच्या नावावर, इंटरनेट त्यांच्या नावावर. घरासाठी काही घ्यायचं तर कागदावर त्यांचं नाव आणि त्यांचाच ई-मेल लिहायचा, ही हाताची सवय आहे. ते गेल्याला चार वर्षं होत आली तरी हात तेच लिहितो. गावात कुणीही असंच करतं. घर म्हणजे एक माणूस, आणि त्याच्या नावात सगळे आले, असंच आपण धरून चालतो. परवान्यात 'एक व्यक्ती' लिहिलेलं मी वाचलं होतं. वाचून हिरव्या शाईत बरोबरची खूणही केली होती. ती व्यक्ती म्हणजे घर, असं मी न कळत समजून गेले. तेवीस परवाने तपासणाऱ्या बाईने आपणच भरलेला अर्ज तपासला नव्हता.

पुन्हा तिच्या नावाने नोंदणी करायला गेले तर मोफतचा आठवडा संपलेला होता. विकतचा पर्याय होता, पण घेतल्यावर तारीख आजची पडणार आणि संगीत आधीचं, म्हणजे पुन्हा तीच शंका. पावा त्याच वाद्यात घडलेला. दुसऱ्यात नेता येत नव्हता.

तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. सासूबाईंनी मात्र तोड काढली. त्यांचं म्हणणं असं: टपालाचा डबा साहेबांच्या नावाचा, चावी मास्तरीणबाईंकडे. साहेबांच्या नावानं दोन ओळी लिहायच्या की मी माझं वाद्य ह्या पोरीला देऊन टाकलं. "साहेब न्हाईत हे त्या परदेशातल्या माणसाला कोण सांगायला चाललंय? अन् साहेब असते तर बिलकुल दिलं असतं का न्हाई?"

दिलं असतं. बिलकुल दिलं असतं. म्हणूनच मला ते अवघड गेलं. मी त्यांची ई-मेलची पेटी उघडली आणि त्यांच्या नावाने पत्र सुरू केलं. इंग्रजी पत्रं घरात मीच लिहायची आणि ते नुसती सही करायचे, त्यामुळे त्यांच्या आवाजात लिहिणं मला सोपं होतं. दोन ओळी झाल्याही. तिसऱ्या ओळीत 'मी' लिहिलं आणि हात थांबला. जी सही मी पोरीला करू दिली नव्हती, तीच मी आता त्यांच्याकडून करून घेत होते.

ते पुसलं. माझ्या नावाने नवीन पत्र लिहिलं. मी कोण, राजूर कुठे, वरच्या मजल्यावर कोण राहतं, अर्ज कसा भरला गेला. त्यात एक वाक्य असं लिहावं लागलं की ज्या गृहस्थांच्या नावावर परवाना आहे ते माझे पती होते आणि ते चार वर्षांपूर्वी वारले. मराठीत हे मी शंभरदा सांगितलं होतं, बँकेत, पोस्टात, नातेवाइकांत. इंग्रजीत पहिल्यांदाच लिहिलं. आमची एकमेकांशी थट्टा इंग्रजीतच चालायची, तुम्हाला आठवत असेल. ते वाक्य लिहून मी उठले, तुळशीला पाणी घातलं, आणि परत येऊन पत्र पूर्ण केलं. शेवटी विचारलं: चूक माझी आहे, ती दुरुस्त करता येईल का? नाही जमलं तरी तुमच्या वाद्याबद्दल आभारी आहोत.

पहिला दिवस काही आलं नाही. दुसरा दिवसही. वर सामानाची बांधाबांध सुरू झाली होती. गोधड्या उतरवून सासूबाईंनी गच्चीवर उन्हात घातल्या. मी त्या वाळताना बघत होते आणि माझ्याच एका ओळीमुळे हे घर पुन्हा रिकामं होणार, असं मनात येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. लहानसंच होतं. त्या माणसाने लिहिलं होतं की परवाना त्याने सुनेच्या नावावर पहिल्या दिवसापासून केला आहे, पत्र जोडलं आहे, ते पुण्याला दाखवावं. पुढे असं की 'एक व्यक्ती' वगैरे अटी त्याने दुसऱ्या कुणाच्या तरी परवान्यातून उचलून जशाच्या तशा चिकटवल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या वाचून कुणी पत्र लिहील, असं त्याला वाटलं नव्हतं. माझ्या पतींच्या जाण्याबद्दल त्याने एक ओळ लिहिली होती. ती माझ्यापाशी राहू दे. आणि जमलं तर तो पावा ऐकायला आवडेल, असं शेवटी होतं.

मी जिन्याने वर गेले. या वयात इतक्या वेगाने जाऊ नये. पत्र मराठीत करून वाचून दाखवलं. सून ऐकता ऐकता खाली बसली. सासूबाईंनी पुन्हा वाचायला लावलं. त्याच दिवशी कागद पुण्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईंचा फोन आला की सगळं बरोबर आहे, काम पक्कं, आणि हिवाळ्यातल्या गोष्टींसाठीही संगीत करशील का, म्हणून विचारलं. कंपनीच्या संगीतकारांच्या यादीत तिचं स्वतःचं नाव छापून आलं. सासूबाईंनी विचारलं, ह्यात तिचं नाव कोणतं? मी दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्या खाली आल्या. मला वाटलं, सोनं वाटायच्या पानांचं विचारायला आल्या असतील. त्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "त्या परदेशातल्या माणसाला काय पाठवलं?"

मी म्हणाले, आभाराचं पत्र पाठवलं.

"नुसतं पत्र? त्यानं भरलेलं भांडं दिलं अन् आपण रिकामं परत केलं? मास्तरीणबाई, तुम्ही शिकलेल्या." मग जरा थांबून म्हणाल्या, "माझ्या सुनेनं जो पावा केला ना, त्यो द्या म्हणावं. आपल्या कामातला हाय. लोकांला वाटून टाक म्हणावं."

हे असं करता येतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण येतं. वाद्यात घडवलेला सूर वेगळा काढून बनवणाऱ्याकडे पाठवता येतो, आणि त्याला आवडला तर तो वाद्यासोबत सर्वांना देतो. सुनेने पाठवला. नाव काय द्यायचं यावर मायलेकींसारखा अर्धा तास वाद घातला दोघींनी. शेवटी नाव दिलं 'मेंढपाळाचा श्वास', इंग्रजी मी करून दिलं. पुढे त्याने तो वाद्यात घेतला.

दसऱ्याच्या आदल्या त्याच संध्याकाळी गच्चीवरच्या गोधड्या परत भिंतींवर गेल्या. सासूबाई स्वतः स्टुलावर चढून खिळ्यांना अडकवत होत्या आणि सून खालून सांगत होती, आत्या, डावीकडं अजून थोडी. तिथून आवाज येतो. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. सासूबाई म्हणत होत्या, "अन् त्या कोपऱ्यात आपल्याला एक पंखा लागन. मशीन तापती."